भंगारातलं अंतराळयान: या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे दोन-चार पोट्टे हमखास येतात. कोणाला शॉर्टफिल्म करायची असते, कोणाला यूट्यूबवर मालिका. कथा परग्रहावरची, बजेट हजार रुपये, शूटिंग परवा. "भाऊ, लेझर गन बनवून राहिलो, रंग किती वेळात सुकते?" हा पहिला प्रश्न. ती गन कोणाच्या हातात जाणार, अंगठा कुठे येणार, दाबल्यावर काय होणार, यातलं काहीच ठरलेलं नसतं. रंगाची घाई मात्र असते. नाटकांची आणि छोट्या फिल्मांची प्रॉपर्टी, म्हणजे सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू, करता करता माझे केस पिकले, पण त्याच त्या चुका बघायचं काही सुटलं नाही.

सगळ्यात वरची चूक म्हणजे थर्माकोलवर थेट स्प्रे पेंट. यात माझी स्वतःची फजिती सांगतो. यानाचा कंट्रोल पॅनल करायचा होता, सहा फूट बाय तीन फूट. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतलं थर्माकोल जमवलं, कारण त्याच्या खाचाखोचा आयत्याच मशीनसारख्या दिसतात. तीन रात्री कापलं, जोडलं. शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर नेऊन चंदेरी स्प्रे मारला. आधी बारीक चरचर ऐकू आली. मग टाचणीएवढी भोकं दिसली, भोकांचे खड्डे झाले आणि बघता बघता पॅनलचा जाळीदार अनारसा झाला. स्प्रेच्या डब्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकानं अख्खा सीन नुसत्या चेहऱ्यांवर काढला आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

चपला-बुटांना लावतात त्या पिवळ्या, उग्र वासाच्या गोंदाचंही तेच. थर्माकोलला पांढरा फेव्हिकॉलच. माझी पद्धत अशी: फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी, त्यात भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे, दोन थर. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. मग भिंतीची पुट्टी, पॉलिश पेपर आणि वर पाण्यात मिसळणारा रंग. नागपूरच्या मे महिन्यात थर दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. श्रावणात मात्र दोन दिवस धरा. तान्ह्या पोळ्याला मारबतीबरोबर निघणारे बडगे जवळून बघा. बांबू, कागद आणि कापडाचे ते उंच पुतळे अख्खी मिरवणूक धक्के खात फिरतात. दोन तासांत हेअर ड्रायरनं वाळवलेली तुमची गन पहिल्या टेकलाच सोलते, त्याला मी काय करू?

दुसरी चूक मला जास्त सलते. घरातली वस्तू घ्यायची, चंदेरी रंगवायची, एक एलईडी चिकटवायची आणि म्हणायचं, झालं यंत्र. एका एकांकिकेत आम्ही पुरणयंत्राचा बॉडी स्कॅनर केला होता. कॅप्टन मरायला टेकलाय, डॉक्टर त्याच्या छातीवरून स्कॅनर फिरवतेय, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एक मावशी शेजारणीला म्हणाल्या, "पुरणयंत्र हाय ना बाप्पा ते!" मरणारा कॅप्टनसुद्धा हसला.

रंगानं वस्तू लपत नाही. माणूस वस्तू ओळखतो ती तिच्या आकारावरून आणि मुठीवरून. म्हणून मी आधी मूठ किंवा दांडा कापतो, मग वस्तू उलटी किंवा आडवी धरून बघतो आणि तिच्या कडेला भलत्याच दुनियेतलं काहीतरी जोडतो: सलाइनच्या नळीचा तुकडा, स्कूटरचा जुना रिफ्लेक्टर, बंद पडलेल्या रिमोटचं रबरी बटण. मग आईसमोर तीन सेकंद धरायचं. "चहाची गाळणी" असं उत्तर आलं तर परत कामाला लागायचं.

स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेवाल्यांचा १९६६ सालचा किस्सा यासाठीच मला आवडतो. एका भागासाठी वेगळ्या घडणीच्या मीठदाण्या आणल्या होत्या. त्या इतक्या अजब दिसत होत्या की प्रेक्षकांना मीठदाणी कळणारच नाही असं वाटलं. सीनमध्ये साध्या मीठदाण्या ठेवल्या आणि त्या अजब दाण्या डॉक्टरची उपकरणं झाल्या.

इथे एखादा हुशार पोट्टा हमखास म्हणतो, "पण भाऊ, डॉक्टर हू या ब्रिटिश मालिकेतल्या डालेक नावाच्या परग्रहावरच्या खलनायकाच्या हाताला तर संडास तुंबला की वापरतात तो पंप आहे!" आहे ना. १९६३ पासून आहे. पण तो पंप एकटा फिरत नाही. खाली चाकांवर सरकणारं अख्खं धूड आहे, आत माणूस बसलाय आणि आवाज रिंग मॉड्युलेटरमधून, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून, काढलाय. तुमच्याकडे यातलं काही नाही, तोवर पंप बाथरूममध्येच राहू द्या.

बाकीचं भराभर सांगतो. पीव्हीसी पाइपवर आयएसआय मार्कची अख्खी ओळ छापलेली असते. कॅमेरा ती बरोबर वाचतो, पॉलिश पेपरनं घासून टाका. स्टीलचा पेला साबणानं न धुता आणि न घासता रंगवलात तर रंग नखानं निघेल. सगळं चकचकीत चंदेरी केलंत तर खेळणं वाटेल; काळ्या रंगाचं पाणी फासून लगेच फडक्यानं पुसा, फटींत मळ राहिला की वस्तू वापरातली वाटते. ग्लू गननं जोडलेला प्रॉप उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. बाहेर पारा ४५ वर असला की आत गोंद मऊ पडतो आणि गनची शेपटी सीटवर सापडते. आणि गन पिशवीत झाकून न्या. हातात धरून व्हरायटी चौकातून मिरवू नका.

एलईडी थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडाल तर ती एकदाच झकास पेटेल. मध्ये करंट आवरणारा रेझिस्टर हवाच. लाल एलईडीला मी ४७० ओहमचा टाकतो, नागपूरच्या बर्डी बाजारात चिल्लर पैशांत मिळतो. घरच्या विजेवरची स्वस्त लायटिंगची माळ लावलीत तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसू शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. बॅटरीवर रेझिस्टर लावून चालणाऱ्या एलईडीला ही कटकट नाही. मात्र बॅटरी बदलायला झाकण ठेवा. सगळं सील करून टाकणारे दरवर्षी भेटतात.

भंगारातलं मायक्रोवेव्ह उघडायला मी कोणालाच देत नाही. प्लग काढलेला असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीव घेण्याइतका चार्ज साठलेला असू शकतो. भंगारवाल्याकडून जुना की-बोर्ड घ्या, त्यातही भरपूर माल निघतो.

आणि एकदा रंगवलेली वस्तू परत स्वयंपाकघरात नेऊ नका, कितीही घासली तरी. आमच्या त्या स्कॅनरमुळे होळीला घरात पुरणयंत्र नव्हतं. पुरण पाट्यावर वाटावं लागलं, आणि ते आईनं वाटलं नाही.