वाढत्या पोरांचा गुडघा: या चुका टाळा

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला, तालुका झाला, जिल्हा लागला, की विश्रामबागच्या माझ्या फिजिओ सेंटरमध्ये सोमवारी सकाळी बसायला बाक पुरत नाही. कबड्डीची पोरं, तालमीतली पोरं, खो-खोच्या मुली, आणि स्मृती मानधना आपल्या सांगलीची म्हणून क्रिकेटच्या नेटला घातलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुली. बरोबर आई नाहीतर सर. आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, जरा मुरगळलाय. शनिवारी मॅच आहे."

अठरा वर्षं हेच ऐकतेय. त्यातले बरेच खरंच मुरगळलेले असतात, पण काहींच्या गुडघ्यातलं एसीएल तुटलेलं असतं. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून तिरकं बांधून ठेवणारं हे लिगामेंट. मोठ्या माणसाचं तुटलं तर काय करायचं हे आता बऱ्यापैकी सगळ्यांना कळतं. तेरा वर्षांच्या पोराचं तुटलं की मात्र घरचे, सर, वस्ताद आणि कधी कधी आम्हीसुद्धा चुकतो. गुडघ्याच्या वर आणि खाली वाढीच्या चकत्या, म्हणजे जिथून हाड लांबीला वाढतं त्या जागा, असतात आणि त्या अजून चालू असतात, हे कुणी धरतच नाही. पायाच्या उंचीतला निम्म्याहून जास्त भाग गुडघ्याभोवतीच वाढतो. वरची चकती वर्षाला साधारण एक सेंटिमीटर देते, खालची सहा मिलिमीटरच्या आसपास. मुलींची ही वाढ हाडाच्या वयाने, म्हणजे एक्स-रेत हाडं जेवढ्या वयाची दिसतात त्या हिशोबाने, चौदाच्या सुमारास संपते, मुलांची सोळाच्या.

सूज उतरली म्हणजे बरा झाला

माझ्या सर्वात डोक्यात जाणारी चूक ही, म्हणून आधी हीच.

पलूसकडचं एक पोरगं. तेरा वर्षांचं, हडकुळं, पण चढाईला गेलं की विजेसारखं. मॅटवरची स्पर्धा होती. बोनसला पाय टाकला, कॉर्नरने घोटा धरला, दुसऱ्याने बाजूने अंग टाकलं. बूट मॅटला चिकटून राहिला आणि गुडघा आत वळला. पोराने स्वतः मला सांगितलं, "कट् करून आवाज आला, हरभऱ्याची काडी मोडल्यासारखा." बक्षीस समारंभ होईपर्यंत गुडघा शहाळ्याएवढा.

मार लागल्यावर दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला तर आत पाणी नाही, रक्त भरलेलं असतं. आणि वाढत्या पोराच्या गुडघ्यात रक्त भरलं म्हणजे आत काहीतरी तुटलंय असंच धरून चालायचं: लिगामेंट, दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस), नाहीतर हाडाचा टवका. वाटी सरकून जागेवर आलेली असली तरी असंच भरतं. साध्या लचकेची सूज सावकाश, दुसऱ्या दिवशी दिसते. एवढा एक फरक गावातल्या प्रत्येक पीटीच्या सरांनी पाठ केला तरी माझी निम्मी डोकेदुखी जाईल.

या पोराला काय केलं? दुसऱ्या दिवशी हाडवैद्याकडे नेलं. तेल लावून खसाखसा चोळलं, वर गरम लेप. रक्त भरलेल्या सांध्याला शेक आणि चोळणं! ते ओरडत होतं तर म्हणे, "नस मोकळी होतीय." दहा-बारा दिवसांनी सूज उतरली, कारण ती तशीही उतरतेच. मेडिकलमधून अडीचशे रुपयांची नी-कॅप आणली आणि पोरगं परत मैदानात. दोन स्पर्धा खेळलं. गुडघा तीनदा निसटला. "निसटतो आणि परत बसतो," असं ते म्हणायचं, आणि सर म्हणायचे, "मनातली भीती आहे."

पाचव्या महिन्यात माझ्याकडे आलं तेव्हा गुडघा सरळच होत नव्हता. अडकला होता. एमआरआयमध्ये एसीएल तर गेलेलंच, पण आतल्या बाजूची गादी फाटून तिचा तुकडा सांध्यात येऊन बसला होता. तुटल्या दिवशी ती गादी बहुधा धड होती. दर वेळी निसटताना हाडं एकमेकांवर घासली आणि तिने मार खाल्ला. लिगामेंट नवं बसवता येतं. गादी शिवता आली तर शिवतात, पण जो भाग काढावा लागतो तो परत येत नाही, आणि त्या पोराला त्या गुडघ्यावर अजून साठ वर्षं काढायचीत.

वडील माझ्यासमोर नी-कॅप हातात धरून बसले होते. धुऊन धुऊन तिचं इलॅस्टिक सैल झालं होतं. नी-कॅपने गुडघा गरम राहतो आणि धीर येतो. तुटलेल्या लिगामेंटचं काम तिच्याने होत नाही. डॉक्टर देतात तो बिजागरीचा ब्रेस वेगळा, त्याला 'तसलीच पट्टी' म्हणू नका.

पहिल्या दिवशी करायचं ते एवढंच: खेळ थांबवा, फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंचावर, कुबड्या, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. चोळायचं नाही. गुडघा अडकला असेल तर त्याच आठवड्यात, "परीक्षा झाल्यावर बघू" नाही.

थेट एमआरआय

आधी साधा एक्स-रे. आठ ते चौदा वयात पुष्कळदा लिगामेंट तुटत नाही, ते जिथे नडगीला रोवलंय तिथला हाडाचा टवका उचकटून येतो. तो एक्स-रेत दिसतो, त्याचा इलाज वेगळा आणि तो वेळेत बसवावा लागतो. शिवाय गुडघा दुखतो म्हणणाऱ्या पोराचा खुबा हलवून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं.

जन्मदाखल्यावरचं वय

ही माझी दुसरी लाडकी चूक, आणि ही खास आपल्याकडची.

तासगावकडचा एक मुलगा, कुस्तीतला. पट काढताना गुडघा गेला. एसीएल पूर्ण तुटलेलं, गुडघा चालतानाही निसटायचा, ऑपरेशन लागणार हे नक्की. आधार कार्डावर वय तेरा वर्षं आणि काही महिने. सर्जननी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून आणायला सांगितला. वडिलांचा चेहरा उतरला. "गुडघ्याचं दुखणं आणि हाताचा फोटो कशाला?" मला आधी कळेना. मग लक्षात आलं. मनगटाचा एक्स-रे आपल्याकडे खेळातल्या माणसांना एकाच कारणासाठी माहीत आहे: वयचोरी पकडायला.

बाहेर व्हरांड्यात ते हळूच म्हणाले, "मॅडम, शाळेत घालताना दोन वर्षं कमी लावलीत. चौदाच्या गटात बसावा म्हणून."

हसावं का रडावं! त्यांना सांगितलं की हा फोटो स्पर्धेच्या कमिटीकडे जाणार नाही, पण डॉक्टरांना खरं वय सांगा. कारण ऑपरेशन कसं करायचं हे वाढ किती उरलीय यावर ठरतं. मोठ्या माणसात मांडीच्या हाडात आणि नडगीत बोगदा पाडून त्यातून दुसऱ्या जागेची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, टेंडन) ओवतात. वाढत्या पोरात तोच बोगदा चकतीतून जातो. तिथे स्क्रू किंवा हाडाचा तुकडा अडकला तर वाढ त्या जागी थबकते आणि पाय वाकडा किंवा आखूड होऊ शकतो. म्हणून बरीच वाढ बाकी असेल तर चकतीला हात न लावता करतात: बोगदे चकतीच्या अलीकडेच ठेवून, किंवा बोगदाच न पाडता मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा सांध्यातून फिरवून. वाढ थोडी उरली असेल तर चकतीतून जातात, पण बोगदा अरुंद आणि शक्य तितका उभा, आत फक्त मऊ शीर, आणि स्क्रू चकतीपासून लांब. वाटीखालची शीर हाडाच्या तुकड्यासकट घेण्याची मोठ्यांची पद्धत इथे नको.

या पोराचं हाडाचं वय साडेपंधरा निघालं. कागदावरचं तेरा धरलं असतं तर आखणीच वेगळी झाली असती. उलटही होतं. दाखला खरा, वय पंधरा, पण पोरगं उशिरा वाढणारं आणि हाडं तेराची.

मी स्वतः तीन गोष्टी विचारते. गेल्या वर्षभरात शाळेच्या बुटाचा नंबर किती वेळा बदलला? आई-वडिलांची उंची किती? आणि मुलगी असेल तर पाळी सुरू झाली का, कधी? हा शेवटचा प्रश्न आईला बाजूला घेऊन. एक्स-रेची जागा ही उत्तरं घेत नाहीत, पण कागद खोटं बोलतोय का याचा वास येतो.

ऑपरेशन नको म्हणजे काहीच नको

काही पोरांना लगेच ऑपरेशन लागत नाही. गादी धड आहे, गुडघा निसटत नाही, घरचे व्यायाम करून घेतील असे आहेत, तर तीन ते सहा महिने नीट व्यायाम आणि ब्रेस, आणि वळण-उडीचे खेळ बंद, हा खराखुरा इलाज आहे. पण तो इलाज आहे, वाट बघणं नव्हे. यात पोरगं गुपचूप गल्लीत कबड्डी खेळलं तर मग पलूसच्या पोराची गोष्ट परत वाचा.

बैठका

वस्तादांनो, हात जोडते. ऑपरेशननंतर पाय बारीक झालाय म्हणून तिसऱ्या महिन्यात दोनशे बैठका नकोत. मांडी भरायचीच आहे, पण कोन आणि वजन आम्ही सांगू तसं.

गुडघा सरळ होतोय का, हे न बघणं

सगळे वाकवायच्या मागे. मांडी घालून जेवायला बसता येतं का, एवढंच घरच्यांना बघायचं असतं. मला पहिल्या महिन्यात गुडघा पूर्ण सरळ हवा असतो. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा अधांतरी, दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. गादी शिवली असेल तर वाकवायची मर्यादा सर्जन सांगतील, पण सरळ करायला सहसा कुणाची हरकत नसते. पोरं कंटाळतात. मी आयांना सांगते, टीव्ही लावायचा तो टॉवेल ठेवल्यावरच.

"सहा महिने झाले, सोडा आता"

सहा महिने कुठून आले देव जाणे. कुणीतरी क्रिकेटर सहा महिन्यांत उतरला म्हणून असेल. त्याच्यामागे दिवसभर माणसं असतात, तुमच्या पोरामागे गणिताचा क्लास असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2018 मध्ये मुलांच्या एसीएलबद्दल एकमताने जे सांगितलं त्यात ऑपरेशननंतर निदान 12 महिने वळण-उडीच्या खेळात परत पाठवू नका असं आहे. तरुण खेळाडू खेळात परतल्यावर साधारण चारातल्या एकाचं पुन्हा तुटतं, त्याच पायाचं किंवा दुसऱ्या.

मीही चुकलेय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला खो-खोची एक मुलगी होती, दहावीतली. क्रीडा गुणांसाठी जिल्हा खेळायचाच होता. आठव्या महिन्यात ती झकास उड्या मारत होती, आईने गळ घातली, सरांनी दोनदा फोन केला, आणि मी "हळूहळू खेळू दे" असं लिहून दिलं. खांबाला वळताना तिचा दुसरा, चांगला गुडघा गेला. त्या मुलीने मला कधी दोष दिला नाही, तेच जास्त लागतं. तेव्हापासून माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे आणि जमिनीवर काळ्या इन्सुलेशन टेपने आखलेली सहा मीटरची रेघ. एका पायावर एक उडी, तीन सलग, रेघेच्या आरपार तिरक्या तीन, आणि सहा मीटर वेळ लावून. दोन्ही पाय. मांडीची ताकदही मोजते. दुखरा पाय दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांच्या खाली असेल तर वहीत लाल पेन. उडीवरून खाली येताना गुडघा आत पडतो का, हे मोबाईलवर चित्रण करून पोरालाच दाखवते. आकडे बरे आणि गुडघा आत पडतोय, तरी लाल पेन.

"फिट आहे असं लिहून द्या" म्हणून येणाऱ्या सरांना मी वही दाखवते. काही जण दुसरीकडून लिहून आणतात. आणू देत.

वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन चकरा

नाही. उडी मारून मऊ उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, वळण्याचा सराव, पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षभर. फुटबॉलवाल्यांचा 'फिफा इलेव्हन प्लस' असाच आहे, फुकट मिळतो, आणि कबड्डीला चालतो. वयात येणाऱ्या मुलींना तर आधी द्या, वळण-उडीच्या खेळांत त्यांचं एसीएल मुलांपेक्षा जास्त तुटतं.

ऑपरेशन झालं, टाके निघाले, विषय संपला

वाढ संपेपर्यंत विषय संपत नाही. मी पेशंटना दर सहा महिन्यांनी सर्जनकडे परत पाठवते. दोन्ही पायांचा उभ्याने एक्स-रे लागला तर तेव्हा काढतात, लांबी आणि सरळपणा बघायला. लोक येत नाहीत, कारण पोरगं तर पळतंय. कडेगावच्या एक मावशी मात्र दीड वर्षाने आपणहून आल्या. त्या घरी शिवणकाम करतात. म्हणाल्या, "युनिफॉर्मची पँट मीच शिवलीय, दोन्ही पाय सारखे कापलेत, तरी एक बाजू जमिनीला टेकतीय." पोराला भिंतीला टेकून उभं केलं, ऑपरेशनच्या पायाखाली लाकडी ठोकळे सरकवले. एक सेंटिमीटरचा ठोकळा घातल्यावर कंबर सरळ झाली. वाढ अजून बाकी होती. त्याच दुपारी सर्जनच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.