बाहेरून मत्स्यबीज मागवताय? आधी क्वारंटाइनची सोय करा, मग ॲडव्हान्स द्या

आंध्रातून नाहीतर बंगालमधून पहाटे पिकअप येतो, पिशव्या उतरवायच्या, पंधरा मिनिटं तळ्यात तरंगत ठेवायच्या, मग तोंड सोडून पाण्यासकट ओतून द्यायच्या, ड्रायव्हरला चहा पाजायचा आणि झालं काम. शेततळं असो, बायोफ्लॉकची टाकी असो नाहीतर धरणातला पिंजरा, बहुतेक ठिकाणी असंच चालतं. आणि दहा-पंधरा दिवसांनी मरतूक सुरू झाली की पाणी खराब, खाद्य खराब, हवामान खराब, सगळ्यांवर खापर फुटतं, फक्त त्या पिशवीतल्या पाण्याकडे कोणी बघत नाही.

आधी परदेशातून आणायचा विषय संपवतो, कारण ‘थायलंडची तिलापिया मिळेल का, कोई (शोभेचे रंगीत मासे) मिळतील का’ हे बरेच जण विचारतात. जिवंत मासा असा बॅगेत घालून आणता येत नाही. केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी यंत्रणेचं आरोग्य सर्टिफिकेट लागतं, आणि इथे आल्यावर क्वारंटाइन. वनामी कोळंबीचे ब्रूडर, म्हणजे बीज काढण्यासाठीचे नर-मादी, येतात तेसुद्धा चेन्नईच्या सरकारी क्वारंटाइन केंद्रातून तपासून मगच हॅचरीला (बीज तयार करणाऱ्या केंद्राला) मिळतात. थाई मागूर मासा तर विषयच नको, बंदी आहे आणि सापडला की नष्ट करतात. माझं स्पष्ट मत, तिलापियासाठी बाहेर जायची गरजच नाही, गिफ्ट तिलापियाचा (तिलापियाची सुधारित जात) सरकारी प्रकल्प विजयवाड्याजवळ आहे, तिथे चौकशी करा आणि पाळायला राज्याची परवानगी लागते ती आधी काढा.

तिलापियाचंच उदाहरण का देतो, तर तिलापियाला होणारा टिलॅपिया लेक व्हायरस. 2014 साली इस्राएलमधल्या संशोधकांनी तो ओळखला, नंतर थायलंडच्या हॅचऱ्यांमधल्या पिल्लांत सापडला आणि तिथून बीज कितीतरी देशांत जात होतं, 2018 पर्यंत भारतातूनही नोंदी आल्या. औषध नाही. एकदा तळ्यात शिरला की तळं रिकामं करणं एवढंच हातात राहतं. कार्पवाल्यांनीही (रोहू, कटला वगैरे पाळणाऱ्यांनी) निवांत राहू नये, लाल जखमांचा ईयूएस रोग 1988 साली देशात आला तो अजून दर थंडीत कुठे ना कुठे डोकं वर काढतोच.

हॅचरी निवडताना भाव शेवटी विचारा. आधी विचारा की ब्रूडर स्वतःचे आहेत की चार ठिकाणचं बीज गोळा करून विकताय. एजंट बरेचदा गोळा केलेलंच देतो, म्हणजे चार तळ्यांचे रोग एका गाडीत. एका वेळी एकाच ठिकाणचं बीज घ्या, थोडं महाग पडलं तरी चालेल. पीसीआर (रोगजंतू शोधायची लॅब टेस्ट) रिपोर्ट दाखवला तर तारीख बघा, लॉट तोच आहे का बघा आणि किती मासे तपासले ते नक्की विचारा. पाच मासे तपासून निगेटिव्ह आलेल्या कागदाला फार अर्थ नाही, कारण लॉटमध्ये शंभरातले 2 मासे बाधित असतील आणि ते सापडण्याची 95 टक्के खात्री हवी असेल तर साधारण 150 मासे तपासावे लागतात. लॅब ते एकत्र करून चालवते त्यामुळे खर्च वाटतो तेवढा येत नाही.

आता क्वारंटाइन. थोडे मासे असतील, कोई किंवा ब्रूडर वगैरे, तर टाकी पुरते. पण दहा-वीस हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) टाकीत मावणार नाही, त्यासाठी एक छोटं अस्तरवालं तळं वेगळं ठेवा, मुख्य तळ्यापासून लांब आणि उताराला खालच्या बाजूला, म्हणजे फुटलं तरी पाणी वर जाणार नाही. वरून पक्ष्यांसाठी जाळी टाका, बगळा एका तळ्यातला मासा उचलून दुसऱ्यात टाकतो, हे खरंच होतं. या तळ्याचं जाळं, बादली, एरेटर, गमबूट सगळं वेगळं, त्यावर लाल पट्टा मारा नाहीतर कामावरचा माणूस हमखास उचलून नेतो. खाद्य घालायची फेरी आधी मुख्य तळ्यावर, क्वारंटाइनला सगळ्यात शेवटी, आणि तिथून परत मुख्य तळ्याकडे जायचं नाही.

गाडी आली की पिशवी तरंगवून तापमान जुळवा, मग पिशवी टबात रिकामी करून तुमचं पाणी थोडं थोडं घाला आणि मासे हातजाळीने उचलून क्वारंटाइनमध्ये सोडा. प्रवासातलं पाणी तळ्यात जाताच कामा नये. पण टबात तासभर रेंगाळू नका, पिशवी उघडली की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वाढतो आणि साठलेला अमोनिया एकदम विषारी होतो, ‘गाडीतून चांगले आले आणि टबात मेले’ म्हणतात ते यामुळेच. उरलेल्या पाण्यात 1000 लिटरला 100 ग्रॅम ब्लिचिंग पावडर टाकली की अंदाजे 30 पीपीएम (लिटरला 30 मिलिग्रॅम) क्लोरीन होतो (पावडर ताजी, 30 टक्केवाली असेल तर), गढूळ असेल तर दुप्पट टाका, दिवसभर ठेवा आणि मग खड्ड्यात सोडा, ओढ्यात नाही. पिशव्या परत वापरू नका, जाळून किंवा पुरून टाका.

किती दिवस? मी किमान तीन आठवडे म्हणेन. माशांच्या उवा अंडी दगडावर, टाकीच्या भिंतीवर घालतात आणि ती फुटायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, त्यामुळे दहा दिवसांत ‘सगळं छान’ वाटतं त्याला काही अर्थ नाही. कोईवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कोई हर्पिस व्हायरस साधारण 16 ते 28 अंशात लक्षणं दाखवतो, आपल्या उन्हाळ्यातल्या गरम पाण्यात तो गप्प बसतो आणि मासा निरोगी दिसतो. मध्ये नवीन लॉट त्याच तळ्यात टाकला तर दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे, यावर भांडणं होतात पण पर्याय नाही.

दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या तळ्यातले पाच-दहा मासे त्यांच्यात सोडून बघा. नवीन मासे वरून ठणठणीत असतील पण रोग वाहून आणत असतील तर तुमचे मासे आधी आजारी पडतात आणि तुम्हाला कळतं. हे मासे मुख्य तळ्यात परत न्यायचे नाहीत, नवीन लॉटबरोबरच ठेवायचे.

मिठाची आंघोळ कार्पना चालते, 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम जाडं मीठ, मिनिट-दोन मिनिटं, उलटायला लागले की लगेच बाहेर. आल्या दिवशी नको, थकलेले असतात. मीठ आणि लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) बाहेरच्या परजीवींसाठी, व्हायरसला काही फरक पडत नाही. आणि ‘सेफ्टी म्हणून’ ॲन्टिबायोटिक तर अजिबात घालू नका, लक्षणं दबतात आणि रोग तसाच मुख्य तळ्यात जातो.

मरतूक दिसली तर मरायला टेकलेला मासा सॅम्पलला घ्या, कुजलेला लॅबच्या कामाचा नसतो, आणि पीसीआरसाठी फॉर्मालिनमध्ये टाकू नका. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत माशांच्या रोगांवर काम करणारी माणसं आहेत, आणि 2023 पासून केंद्राचं ‘रिपोर्ट फिश डिसीज’ ॲप आहे, त्यावर फोटो टाकता येतो. मेलेले मासे चुना टाकून खोल पुरा. क्वारंटाइनचं तळं ब्लिच करून, रिकामं करून कडक उन्हात पूर्ण वाळवा, जाळंसुद्धा, पुढचा लॉट त्यानंतरच मागवा.