हायड्रॉलिक क्लच रिलीज बेअरिंग बसवताना

हे बेअरिंग द्रवाच्या दाबाने पुढे सरकून क्लच सोडवते. गिअरबॉक्स इंजिनाला जोडण्यापूर्वी मोजमापाला पुरेसा वेळ द्यावा, कारण या कामातील बहुतेक चुका तिथेच होतात. क्लच फ्लायव्हीलवर पूर्ण आवळल्यावर इंजिनाच्या जोडपृष्ठापासून डायाफ्रामच्या (क्लचमधील चकतीसारख्या स्प्रिंगच्या) बोटांची टोके किती पुढे येतात ते मोजावे. मग बेअरिंग पूर्ण मागे दाबून, बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या भागाच्या) कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून, तिच्यापासून बेअरिंगच्या तोंडापर्यंतची खोली घ्यावी. पहिले माप ५८.५ आणि दुसरे ६२ मिलिमीटर आले, तर बोटे आणि बेअरिंग यांतील फट ३.५ मिलिमीटर होते. ती निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत नसल्यास शिम (पातळ चकत्या) घालून किंवा काढून जुळवावी. क्लच प्लेट झिजत जाते तशी ही बोटे बेअरिंगकडे सरकतात, त्यामुळे फट अपुरी असल्यास क्लच घसरू लागतो, आणि फार मोठी असल्यास बेअरिंगला ढकलणारा पिस्टन मर्यादेबाहेर जाऊन सील गळते.

सीलला खनिज तेल लावू नये, रबर फुगते. निर्मात्याने सांगितलेले ब्रेक फ्लुइडच वापरावे. गिअरबॉक्स बसेपर्यंत पेडल अजिबात दाबू नये (मोह होतोच), अन्यथा समोर आधार नसल्याने पिस्टन बाहेर निसटतो. शेवटी फ्लुइडच्या नळीतील हवा काढावी आणि क्लच पूर्ण सुटताच पेडल अडेल असा स्टॉप लावावा.