परदेशी मुलांना मुंबई दाखवायचीय? आधी चिठ्ठ्या लिहा

एक्स्चेंजवर आलेल्या मुलांना मुंबई फिरवायचं काम या वर्षी तुमच्याकडे आलंय, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी वार ठरवा, ठिकाणं नंतर. सोमवारी घारापुरीची (एलिफंटा) लेणी बंद असतात. रविवारी दुरुस्तीसाठी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, पश्चिमेवर जम्बोब्लॉक, वर गेटवेला अख्खी मुंबई लोटलेली. शनिवार घ्या. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला. पावसाळ्यात घारापुरीच्या लाँच कधी बंद होतील याचा भरवसा नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात थंड देशातली पोरं दुपारपर्यंत गळतात. टोपी, पाणी, चालायचे बूट हे सांगत बसत नाही.

आता चिठ्ठी. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी हवी, कागदाची. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे. बऱ्याच जणांकडे इथलं सिम नसतं, त्यामुळे हॉस्टेलच्या वायफायमधून बाहेर पडलं की त्यांचा फोन फक्त फोटो काढायच्या कामाचा. स्टेशनवरचं फुकटचं वायफाय ओटीपीसाठी इथला नंबर मागतं. मागच्या खेपेला आमच्याकडे वेळापत्रक होतं, टी-शर्ट होते, शिट्टीसुद्धा होती. चिठ्ठ्या नव्हत्या. दादरला तिघं फलाटावर राहिली, गाडी सुटली आणि तो दिवस तिथेच संपला.

चिठ्ठीवर दोन फोन नंबर लिहा. एक सोबत येणाऱ्याचा, दुसरा कॉलेजात बसून राहणाऱ्याचा. हा दुसरा माणूस खरोखर बसून राहायला हवा, ‘मीपण येतो ना’ चालणार नाही. हॉस्टेलचा पत्ता देवनागरीत आणि रोमनमध्ये, म्हणजे टॅक्सीवाला, हवालदार, पानवाला, कोणीही वाचू शकेल. आणि भेटायची जागा. ती शेवटच्या स्टेशनवरच ठेवा. मधल्या स्टेशनवर ठेवली तर फास्ट गाडीत बसलेला पोरगा हात हलवत पुढे निघून जातो. शेवटच्या स्टेशनवर गाडी सगळ्यांनाच उतरवते. ‘चर्चगेट, पश्चिम रेल्वे’ असं पूर्ण लिहा. दादरला दोन्ही रेल्वे एकाच पुलाला जोडलेल्या आहेत आणि लोंढ्याबरोबर चालत गेलेला माणूस सीएसएमटीच्या गाडीत कधी बसला हे त्यालाही कळत नाही. त्याखाली एकच सूचना: राहिलात तर फलाटावरून हलू नका, पुढची चर्चगेट गाडी पकडा, उतरून तिकीट खिडकीपाशी थांबा. चालत्या गाडीत चढायचं नाही, मागे राहिलेल्यासाठी चालत्या गाडीतून उडी तर अजिबात मारायची नाही. हे तोंडीही सांगा, दोनदा. ‘आम्ही शिकतो लोकल कशी पकडायची’ म्हणणारा एक उत्साही प्रत्येक ग्रुपमध्ये असतो.

चार-पाच जणांमागे आपलं एक माणूस. मुली लेडीज डब्यात जाणार असतील तर तिथेही आपली एक मुलगी हवी, आणि कोण कुठल्या डब्यात हे फलाटावर येण्याआधी ठरलेलं हवं. गाडी समोर आल्यावर ठरवायला वीस सेकंद मिळतात. सातच्या आत निघा, आठनंतर दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत एवढा घोळका शिरत नाही. रिटर्न तिकिटं काढा. चढण्याआधी मोजा, उतरल्यावर मोजा. चिठ्ठ्या तपासा. बॅगेत नाही, खिशात.

पैसे. या मुलांकडे यूपीआय सहसा नसतं आणि पाचशेची नोट पाहून भेळवाला तोंड फिरवतो. आदल्या दिवशी वर्गणी गोळा करून दहा, वीस, पन्नासच्या नोटा करून ठेवा. लेण्यांचं तिकीट भारतीयांना 40 रुपये आणि परदेशी पाहुण्यांना 600. मात्र सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्यांनाही 40 च लागतात. म्हणजे नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, थायलंडची मुलं असतील तर पासपोर्ट बरोबर घ्यायला सांगा, नाहीतर माणशी 560 रुपये उगाच गेले. लाँचचं भाडं वेगळं, ग्रामपंचायतीचा कर वेगळा, धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंतच्या छोट्या गाडीचं तिकीट वेगळं.

घारापुरी करायची तर अर्धा दिवस तिलाच द्या. गेटवेपासून अंतर दहाएक किलोमीटर, पण लाँचला जाताना तास, येताना तास. लाइफ जॅकेट घालायला लावा, फोटो वाईट येतात म्हणून काढू देऊ नका. वर शंभर-सव्वाशे पायऱ्या आहेत, गुडघ्याची तक्रार कोणाला आहे का ते आधी विचारा. माकडं हातातली बाटलीसुद्धा नेतात. आत गेल्यावर सदाशिवाच्या मूर्तीसमोर घाई करू नका. सुमारे 6 मीटर उंचीचं ते तीन मुखांचं शिल्प अंधाराला डोळे सरावल्याशिवाय नीट दिसतच नाही. ‘एलिफंटा म्हणता, मग हत्ती कुठाय?’ हा प्रश्न येणारच. हत्ती भायखळ्याला आहे, राणीच्या बागेजवळ भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला नाव दिलं तो दगडी हत्ती तोच. हे माहीत नसलेला मुंबईकर तिथे फार बावळट दिसतो.

दुपारनंतर पायीच फिरवा. गेटवे 1924 चा. 1948 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून गेली, एवढं सांगितलं तरी पुरे. ओव्हल मैदानावर मात्र मधोमध उभं करा. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग. 2018 मध्ये दोन्ही मिळून जागतिक वारशात गेल्या आणि इथे दोन्ही फक्त मान वळवून दिसतात. मग हुतात्मा चौक. बहुतेक मार्गदर्शक इथे फ्लोरा फाउंटनचा फोटो काढून पुढे पळतात. तुम्ही थांबा आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी इथे गोळीबारात माणसं मेली, हे सांगा. इंग्रजीत सांगता येईल अशी पाच वाक्यं घरून तयार करून आणा, तिथे सुचत नाहीत. सीएसएमटी शेवटी, दिवे लागल्यावर. नट्यांचे बंगले आणि झोपडपट्टीची सफर मागणारे निघतील. मी नेणार नाही. तुमचं तुम्ही बघा.

खाण्याचं आधी लेखी विचारा. तिखटाचं काही नाही, रडतील आणि परत मागतील. खरी भीती शेंगदाण्याची. कूट आपल्याकडे कुठे नसतं? खिचडीत, कोशिंबिरीत, चटणीत, आणि वाढणाऱ्याला ते सांगावंसंही वाटत नाही. ज्याला ॲलर्जी असेल त्याच्या चिठ्ठीच्या मागे मराठीत ठळक लिहा: ‘मला शेंगदाणे आणि शेंगदाण्याचं तेल चालत नाही, जीव धोक्यात येतो.’ बघा, पुन्हा चिठ्ठीच. ॲलर्जीचं औषध त्याच्या खिशात आहे का, हेही निघण्याआधी बघा.

बाकी पटापट. गेटवेजवळच्या वस्तुसंग्रहालयात स्वच्छतागृह बरं आहे, सगळ्यांना तिथेच जाऊन यायला सांगा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चौघंच बसतात. रिक्षा दक्षिण मुंबईत नाहीत, शोधू नका. ओआरएसची पाकिटं, पॉवर बँक, पट्ट्या. दुपारी जेवल्यावर चिठ्ठ्या पुन्हा बघा, कोणीतरी तिच्यावर कोणाचा तरी इन्स्टा आयडी लिहून ती देऊन टाकलेली असते. चार कोऱ्या जास्तीच्या ठेवा.

परतताना एकतर चारला निघा, मग सीएसएमटीचे दिवे विसरा, नाहीतर मरीन ड्राइव्हला बसून राहा आणि साडेआठनंतर निघा. मधली वेळ नको. चर्चगेटहून गाडी रिकामी सुटते, बसायला मिळतं, पण दादरला उतरायचं असेल तर प्रभादेवी गेल्यावर दाराशी उभे राहा. हॉस्टेलवर मोजा, रेक्टरना कळवा. हिशेब दुसऱ्या दिवशी.