पाती फिरेनाशी झाली म्हणजे क्लच गेलाच असं नाही! लॉन ट्रॅक्टरवाल्यांनो, या चुका टाळा

अमेरिकेत गावाबाहेर एकर-दोन एकरांचं घर घेतलं, की लॉन ट्रॅक्टर (गवत कापायचा बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर) ओघाने येतोच. मग ऐन जूनमध्ये, गवत माजलेलं असताना, एक दिवस इंजिन चालतं, ट्रॅक्टर पुढे जातो, पण डेकखालची (पात्यांवरच्या लोखंडी झाकणाखालची) पाती ढिम्म. बहुतेक जण त्याच रात्री नवा पीटीओ क्लच, म्हणजे इंजिनची ताकद पात्यांना जोडणारा-तोडणारा भाग, मागवतात. दोनेकशे डॉलर सहज जातात, आणि पुष्कळदा जुना क्लच धडधाकट असतो.

हा क्लच इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) खालच्या टोकाला बसवलेला असतो. आत १२ व्होल्टची कॉइल असते. बटण ओढलं की ती लोहचुंबक होते, तबकडी ओढून घेते आणि पट्टा फिरू लागतो. करंट बंद झाला की स्प्रिंग तबकडीला ब्रेकवर दाबतात आणि पाती थांबतात. (तुमच्याकडे बटणाऐवजी पट्टा ताणणारा दांडा असेल, तर पुढचं काही लागू नाही. पट्टा आणि केबल बघा.)

सुरुवात कानाने करा. इंजिन बंद, किल्ली ऑन, सीटवर बसून बटण ओढा. बहुतेक मॉडेलांत खालून स्पष्ट ‘टक्’ ऐकू येतं. ते आलं नाही तर आधी फ्यूज, सीटखालचा स्विच आणि पीटीओचा स्विच तपासा. सीट स्विचची वायर उंदरांनी कुरतडलेली असणं मुळीच दुर्मीळ नाही.

मल्टिमीटर लावताना मात्र हमखास चूक होते. कनेक्टर सोडवून व्होल्टेज मोजलं, १२ दिसले, म्हणजे वायरिंग ठीक आणि क्लच खराब, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. भार नसताना गंजलेला स्विचसुद्धा १२ दाखवतो. कनेक्टर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने मीटरची टोकं लावून मोजा. तिथे ९-१० व्होल्ट दिसले तर दोष स्विचमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा बॅटरीत आहे. त्यानंतर कनेक्टर सोडवून कॉइलचा रोध मोजा. साधारण २ ते ४ ओहम यायला हवा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मीटरने अनंत दाखवलं तर कॉइल तुटली. शून्याजवळ असेल तर आत शॉर्ट आहे आणि फ्यूज उडतोय तो त्यामुळेच.

सगळ्यांत चकवणारी तक्रार वेगळीच: वीस मिनिटं झकास कापतो, मग पाती थांबतात आणि तासाभराने पुन्हा चालू. लोक दुसऱ्या दिवशी थंड क्लच मोजतात, आकडे चोख येतात आणि ते गोंधळतात. मोजायचं ते गरम असताना, पाती बंद पडल्या पडल्या. तांबं तापलं की रोध वाढतो, करंट घटतो, चुंबकाची ओढ कमी होते. त्यातच घासून घासून तबकडीची फट वाढलेली असली, की ओढ पुरत नाही. म्हणून क्लच फेकण्याआधी फट बघा. कडेला तीन खिडक्या असतात, त्यांत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. पुष्कळ क्लचमध्ये ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर फट लागते. फट कमी-जास्त करणारे नट थोडे थोडे आवळत तिन्ही ठिकाणी सारखी करा. जास्त आवळलंत तर तबकडी कायम घासत राहील आणि क्लच खरोखरच जळेल. काही क्लचना हे नट नसतातच. तिथे क्लच बदलण्याला पर्याय नाही.

तरीही थांबतो? इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेराच्या पुढे व्होल्ट हवेत. क्लच चारेक अँपिअर खातो. चार्जिंग कमजोर असेल तर बॅटरी उतरत जाते आणि लक्षणं अगदी अशीच दिसतात.

बदलायचाच ठरला, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि स्पार्क प्लगची वायर आधी काढा. मधला बोल्ट साध्या पान्याने सुटत नाही, इंजिनच फिरतं. इम्पॅक्ट रेंच (झटके देऊन बोल्ट सोडवणारं यंत्र) लावा. क्लच शाफ्टवर गंजून बसला असेल तर तेल मारून रात्रभर ठेवा. पण शाफ्टच्या टोकावर हातोडा नको आणि इंजिनच्या तळाला टेकवून पहार तर अजिबात नको. तळ ॲल्युमिनियमचा असतो, तडकला की क्लचपेक्षा मोठं बिल येतं. क्लचच्या वर असलेल्या इंजिनच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर आधी सील बदला, नाहीतर नवा क्लचही तेलात न्हाऊन घसरेल.

नवा क्लच घेताना पुलीचा व्यास, शाफ्टचा व्यास आणि फिरण्याची दिशा जुळवा. बसवताना शाफ्टची चावी (क्लच शाफ्टवर घसरू न देणारा धातूचा छोटा तुकडा) जागेवर आहे ना ते बघा, आणि क्लचची खाच फ्रेमवरच्या अडकणीत नीट बसवा. ती अडकण सुटली तर पहिल्याच झटक्यात अख्खा क्लच गरकन फिरून वायर तोडतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, बऱ्याच मॉडेलांत ५० ते ५५ फूट-पाउंड.

आता लगेच गवतात घुसू नका. नवे पृष्ठभाग एकमेकांवर बसायला हवेत. इंजिन अर्ध्या वेगावर ठेवून दहा सेकंद क्लच चालू, दहा सेकंद बंद, असं पाच वेळा करा. मग पाऊण वेगावर आणखी पाच वेळा. शेवटी बंद केल्यावर पाती पाचेक सेकंदांत थांबतात का ते सीटवर बसूनच बघा. थांबत नसतील, तर ब्रेक धरत नाही आणि फट पुन्हा तपासावी लागेल.