कॉलेजात शिस्तभंगाची कारवाई झाली असेल, तर अमेरिकेतल्या मेडिकल किंवा लॉ स्कूलच्या अर्जाआधीची तयारी

एएमसीएएस हा अमेरिकेतल्या बहुतेक एमडी (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांचा सामाईक अर्ज. कोणत्याही कॉलेजने तुमच्यावर कधी कारवाई केली होती का, असा प्रश्न त्यात असतो. तो मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो, त्यामुळे कामाला फेब्रुवारीतच लागा. सर्वात आधी आपल्या कॉलेजच्या स्टुडंट कंडक्ट ऑफिसकडे (विद्यार्थ्यांच्या शिस्तीचं काम पाहणारा विभाग) स्वतःची फाइल लेखी मागा. १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या अमेरिकी कायद्याने ती पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण कॉलेजला त्यासाठी ४५ दिवसांपर्यंत मुदत मिळते. उशिरा मागितली तर खुलासा आठवणीवर लिहावा लागतो, मग तारीख चुकते, प्रोबेशनला (ठराविक काळ देखरेखीखाली ठेवणं) वॉर्निंग म्हटलं जातं, आणि कॉलेजचं पत्र वेगळंच सांगतं.

फाइल आली की चार गोष्टी टिपून ठेवा: कोणता नियम मोडला, कोणत्या तारखेला, शिक्षा नेमकी काय झाली, ती कधी पूर्ण झाली. कार्यशाळा किंवा सामाजिक काम लावलं असेल तर ते पूर्ण केल्याचा कागद जोडून ठेवा. वय एकवीसच्या आत असताना डॉर्ममध्ये बिअर सापडली आणि आरएने (डॉर्मवर देखरेख करणारा विद्यार्थी) नुसती समज दिली, तर ती कारवाई धरायची का, हे स्वतः ठरवू नका. 'माझ्यावर संस्थेने कोणती कारवाई केल्याची नोंद आहे का?' असं कंडक्ट ऑफिसला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आता जिथे सर्वात जास्त मुलं फसतात ते. 'ट्रान्सक्रिप्टवर नाही, रेकॉर्ड पुसलंय, मग जुनं कशाला उकरायचं?' हा सल्ला घरचे प्रेमानेच देतात, पण तो घातक आहे. एएमसीएएसचा प्रश्न नोंद काढून टाकली असली तरी, शिक्षणात खंड पडला नसला तरी 'हो' म्हणायला सांगतो. त्यात वर्तनाबरोबर अभ्यासातली कामगिरीही येते. कमी जीपीएमुळे (गुणांची सरासरी) लागलेलं अकॅडमिक प्रोबेशन अनेकजण धरतच नाहीत. प्रश्न 'कोणत्याही कॉलेज'बद्दल आहे, म्हणून पुण्या-मुंबईत शिकताना झालेली कॉपी केसही मोजा.

लॉ स्कूलचं तंत्र वेगळं. अर्ज एलएसॅक या लॉ स्कूल प्रवेशांच्या सामाईक संस्थेमार्फत जातो, पण शिस्तभंगाचा प्रश्न प्रत्येक स्कूल आपल्या शब्दांत विचारतं. कुणाला फक्त निलंबन हवं असतं, कुणाला साधा आरोपही. एक तक्ता करून प्रत्येक स्कूलचा प्रश्न शब्दशः उतरवा आणि त्यासमोर आपलं उत्तर लिहा. पदवीनंतर बारच्या (वकिलीचा परवाना देणारी यंत्रणा) चारित्र्य तपासणीत हेच पुन्हा विचारतात आणि लॉ स्कूलचा जुना अर्ज पडताळून पाहू शकतात. तिथे आढळलेली तफावत मूळ चुकीपेक्षा महाग पडते, कारण तिथे प्रश्न बिअरचा राहत नाही, खरं बोलण्याचा होतो. काही राहून गेलं असेल तर बारच्या अर्जाआधीच लॉ स्कूलला लिहून दुरुस्ती करून घ्या.

खुलाशासाठी एएमसीएएसमध्ये मोकळ्या जागांसह १,३२५ अक्षरं मिळतात, म्हणजे इंग्रजीत साधारण दोनशे शब्द. पहिल्या दोन वाक्यांत घटना, तारीख आणि शिक्षा सांगून मोकळे व्हा. उरलेली जागा त्यानंतर काय बदललं याला द्या. 'रूममेटची बाटली होती', 'प्राध्यापक कडक होते' ही वाक्यं काढून टाका. पहिल्या वर्षातली दारूची एखादी नोंद सहसा निभावते. वाङ्मयचौर्य, परीक्षेतली कॉपी किंवा मित्राचा कोड स्वतःचा म्हणून देणं जड जातं, कारण डॉक्टर काय किंवा वकील काय, त्याच्या सहीवर लोक विसंबतात. अशा वेळी त्या घटनेनंतरची किमान दोन वर्षं स्वच्छ असावीत. नसतील तर एक वर्ष थांबून अर्ज करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुलाखतीसाठी मिनिटभराचं उत्तर मोठ्याने बोलून बसवा आणि ते लेखी खुलाशाशी जुळतंय का पाहा.

काही स्कूल प्रवेशानंतर डीनचं प्रमाणपत्र (तुमच्या शिस्तीच्या नोंदीबद्दल जुन्या कॉलेजचा दाखला) मागतात, तेव्हा जुनी नोंद तिकडूनही पोहोचते. एएमसीएएस पाठवल्यावर नवी कारवाई झाली, तर निवडलेल्या प्रत्येक मेडिकल स्कूलला कामाच्या १० दिवसांत कळवावं लागतं. त्यासाठी प्रत्येक स्कूलच्या प्रवेश विभागाचा ईमेल पत्ता जूनमध्येच एका कागदावर उतरवून ठेवा.