पीएसपीवर होमब्र्यू टाकताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की गावातली पोट्टी जुने पीएसपी, म्हणजे सोनीचे हातात धरून खेळायचे गेम कन्सोल, घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना त्यावर होमब्र्यू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेले प्रोग्राम, चालवायचे असतात. तक्रार ठरलेली: "भाऊ, एम्युलेटरच खराब आहे." एम्युलेटर म्हणजे दुसऱ्या कन्सोलचे गेम चालवणारा प्रोग्राम, आणि तो बहुतेक वेळा चांगला असतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे स्वस्त कार्ड. शेजारच्या पोराने आठवडी बाजारातून १२८ जीबीचं मायक्रोएसडी आणलं आणि पीएसपीच्या मेमरी स्टिकच्या जागी बसणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून गेमांनी गच्च भरलं. जीपीएसपी हा गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा एम्युलेटर उघडायचा, काही गेम चालायचे, बाकीचे काळ्या पडद्यावर अडकायचे. त्याने एम्युलेटर बदलला, फर्मवेअर (पीएसपी चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) पुन्हा टाकलं, शेवटी पीएसपीच विकायला काढला. मी कार्ड लॅपटॉपवर एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने तपासलं, तर खरी जागा निघाली ८ जीबी. बनावट कार्ड खोटा आकडा सांगतं. खरी जागा भरली की पुढचा डेटा हरवतो किंवा जुन्या फायलींवर चढतो, आणि कॉपी मात्र पूर्ण झालेली दिसते. सुट्टीभर जपलेले त्याचे सगळे सेव्ह त्यात गेले. फार वाईट वाटलं मला.

म्हणून नवं कार्ड रिकामं असतानाच मी ही तपासणी लावतो. तासन्‌तास लागतात, लागू द्या. ३२ जीबी भरपूर झालं. फॉरमॅट पीएसपीच्या सेटिंगमधूनच करतो, कारण ६४ जीबीपासून पुढची कार्डं एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये येतात आणि पीएसपीला ते वाचता येत नाही.

दुसरी चूक घाईची. 'करप्टेड डेटा' दिसलं की पोट्टी सगळं डिलीट करून पहिल्यापासून सुरू करतात. काहून? होमब्र्यू चालू देणारं, सोनीच्या ६.६० किंवा ६.६१ वरचं प्रो नावाचं बदललेलं फर्मवेअर कायमचं बसवलं नसेल, तर पीएसपी पूर्ण बंद झाल्यावर ते उतरतं. आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये बॅटरी तळाला गेली की हेच होतं. ते पुन्हा चढवणारा फास्ट रिकव्हरी हा प्रोग्राम एकदा चालवा, गेम जागेवर दिसतील. पॉवरचं बटण सरकवून लगेच सोडलं तर पीएसपी नुसता झोपतो, धरून ठेवलं तर पूर्ण बंद होतो. मी झोपवतो.

झिप फाईल तशीच टाकू नका. ईबूट.पीबीपी ही एम्युलेटरची मुख्य फाईल पीएसपी, गेम आणि एम्युलेटरचं नाव या क्रमाच्या फोल्डरांत थेट हवी. फोल्डरात पुन्हा तोच फोल्डर झाला की काहीच दिसत नाही. जीपीएसपीला बायोसची (मूळ कन्सोल सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाईल लागते, तिचं नाव एका अक्षरानेही बदललेलं चालत नाही. गेम रखडत असेल तर प्रोसेसर २२२ वरून ३३३ मेगाहर्ट्झवर न्या. निन्टेन्डो ६४ च्या गेमांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका, त्यांचा एम्युलेटर डेडॅलस चांगला असला तरी. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं असेल तर ती आधी काढा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका.

आणि पहिल्याच दिवशी शंभर गेम भरू नका. आधी केव्ह स्टोरी या गेमचा पीएसपी पोर्ट, म्हणजे पीएसपीसाठी बनवलेली आवृत्ती, टाका. गेम मोफत आहे, लहान आहे आणि खरोखर सुंदर आहे. तो उघडला तर फोल्डर आणि फर्मवेअर दोन्ही बरोबर आहेत. त्यानंतरच एम्युलेटरकडे वळा.